धुराचा हिशेब

धूर विकत घ्यायचा असतो, हे मला वयाच्या 62व्या वर्षी कळलं. तोवर धूर ही फुकट मिळणारी आणि नकोशी गोष्ट होती. कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये अम्मी फजरच्या आधी उठून चूल पेटवायची. सरपण ओलं असलं की घर धुराने भरून जायचं. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. भिंतीवर, छताला, डब्यांच्या झाकणांवर काजळी. शाळेत माझ्या वेणीलासुद्धा धुराचा वास येतो म्हणून मुली बाजूला सरकायच्या. पुढे वातीचा स्टोव्ह आला, मग पंपाचा. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी आमच्याकडे गॅसचा सिलिंडर आला तेव्हा अम्मी खास बघायला आली होती. निळी ज्योत पाहून म्हणाली, "चलो, अब मेरी बेटी धुएँ में तो नहीं रोएगी."

म्हणून 2024 सालच्या उन्हाळ्यात मी मुलाकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात गेले आणि तो म्हणाला, "अम्मी, ईदच्या आधी एक स्मोकर घ्यायचाय, पण अडीचशे डॉलरच्या वर जायचं नाही," तेव्हा मला आधी हसूच आलं. मांसाला धूर द्यायचं यंत्र! आमच्या तीन पिढ्यांच्या बायका ज्याच्यापासून पळाल्या, तेच हा पैसे मोजून घरी आणणार.

आपल्याकडे धूर देण्याची रीत नाही असं नाही. कबाबाला किंवा कोरम्याला आपण धुंगार देतोच. मधोमध वाटी, वाटीत रसरशीत निखारा, त्यावर तुपाचे चार थेंब आणि वर घट्ट झाकण. पाच मिनिटांत काम होतं. पण तो शेवटचा हात असतो. अत्तर लावावं तसा. टेक्सासमध्ये धूर हाच स्वयंपाक. 107 ते 135 अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत दहा-दहा, चौदा-चौदा तास मांस ठेवायचं. ज्वाला त्याला लागता कामा नये. जळत्या लाकडाची ऊब आणि धूर त्याच्यावरून वाहत राहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासात येऊन राहिलेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी ही रीत तिथे रुजवली असं सांगतात. दुकानात न खपलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरावर धरायचे आणि कागदात बांधून विकायचे. गरजेतून निघालेली ही गोष्ट पुढे त्या मुलखाची शान झाली.

त्यांचा मानाचा तुकडा म्हणजे ब्रिस्केट, जनावराच्या छातीचा भाग. आपले कसाई त्याला सीना म्हणतात. उभं राहताना जनावराचा बराच भार छातीच्या त्या स्नायूंवर असतो, म्हणून तो चिवट. घाईने शिजवला तर चामडं, धीराने शिजवला तर लोणी. हे ऐकल्यावर मला ते यंत्र परकं वाटेनासं झालं. पाये रात्रभर का ठेवायचे, निहारी सकाळीच का खायची, मोहरमचा खिचडा पहाटेपर्यंत का घोटायचा, हे ज्या घरात माहीत आहे तिथे ब्रिस्केट समजावून सांगावं लागत नाही. चिवट धागे हळूहळू विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, तेच ते.

मग विकत आणून का खायचं नाही? तर तिथल्या बहुतेक दुकानांत एकाच भट्टीवर गाईचा सीनाही असतो आणि डुकराच्या फासळ्याही असतात. शिवाय जनावर जबिहाचं नसतं. अलीकडे हलाल बार्बेक्यूची दुकानं ह्यूस्टनमध्ये निघाली आहेत, पण शिजलेलं मांस पौंडाला तीस डॉलरच्या आसपास पडतं, आणि पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडा कमी. नवं घर, घराचा हप्ता, इकडे बहिणीच्या शिक्षणाला पाठवायचे पैसे. मुलाला ते परवडणारं नव्हतं. दहा वर्षं तो कचेरीतल्या लोकांबरोबर अशा दुकानांत जाऊन मक्याचं कणीस आणि कोबीची कोशिंबीर खाऊन आला होता. सगळे हाताने मांस तोडून खातायत आणि हा काट्याने कोबी उचलतोय. "उपाशी राहत नाही अम्मी, पण बाजूला बसल्यासारखं वाटतं," एवढंच तो म्हणाला. नव्या घरातली पहिली बकरी ईद 16 जूनला होती. त्या दिवशी त्याला त्याच लोकांना आपल्या अंगणात बोलवायचं होतं.

तेव्हा सुरू झाली निवड. मी रोज संध्याकाळी त्याच्यासोबत दुकानं पालथी घालायची.

सगळ्यात रुबाबदार दिसतो तो आडवा स्मोकर. मोठं आडवं पिंप आणि बाजूला लाकडं जाळायची छोटी पेटी. पेटीतला धूर पिंपातून जाऊन दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडतो. हुबेहूब रेल्वेचं इंजिन. मला तो बघताक्षणी आवडला. दोनशे डॉलरलाही मिळत होता. पण मी झाकण उचलून पाहिलं तर पत्रा बिस्किटाच्या डब्यासारखा. बोटाने टिचकी मारली की टणटण वाजे. असा पातळ पत्रा उष्णता धरत नाही, फटींतून धूर गळतो, वाऱ्याची झुळूक आली की आतलं तापमान पडतं. चांगला, सहा मिलिमीटर जाड पोलादाचा घ्यायचा तर हजार डॉलरच्या पुढे. स्वस्तातला आडवा स्मोकर म्हणजे इंजिनाचं चित्र, इंजिन नव्हे.

दुसरा विजेचा. कपाटासारखा असतो. आत कॉइल, वर लाकडाच्या चिपट्यांची वाटी. बटण दाबा आणि झोपा. दोनशेच्या आसपास मिळतो आणि नवख्याला सोपा. पण त्यात चिपट्या धुमसतात, जळत नाहीत. चव सौम्य येते. तिसरा पेलेटचा. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या एक मळसूत्र आपोआप आगीत लोटत राहतं, पंखा वारा घालतो आणि तापमान यंत्र सांभाळतं. 1980च्या दशकात ऑरेगन राज्यातल्या ट्रेगर नावाच्या कुटुंबाने तो बाजारात आणला. सूनबाईचं मत त्याला होतं, कारण दोघंही नोकरी करणारी. पण किंमत चारशेच्या वर, आणि वीज गेली की तोही गप्प.

चौथी गोल शेगडी, झाकणाची. 1952 साली शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापून ती बनवली. खाली वाटी, वर झाकण, दोन्हीकडे हवेची भोकं. दोनशेच्या आत-बाहेर मिळते. कोळशाच्या वड्या कडेने अर्धवर्तुळात मांडायच्या आणि एकाच टोकाला पेटवायच्या. साप सरकावा तशी आग तासन्‌तास पुढे सरकते. मांस दुसऱ्या बाजूला. ज्याला अजून आवड आहे की हौस हेच ठरायचंय, त्याने हीच घ्यावी असं माझं मत झालं, कारण धूर नाही जमला तरी तिच्यावर सीखकबाब भाजता येतात. अडचण एवढीच की सहा किलोचा सीना तिच्यात दाटीवाटीने बसतो, आणि आम्हाला वीस माणसांचा घास बघायचा होता.

मधेच एक जुना स्मोकर शंभर डॉलरला मिळत होता. जाड पत्र्याचा, दणकट. विकणारा प्रामाणिक होता; आठ वर्षं त्यावर डुक्कर भाजल्याचं त्याने आपणहून सांगितलं. मुलाने मशिदीत इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, लोखंड आहे, चरबी खरवडून नीट धुतलंत की पाक झालं, शंका धरू नका. मसला इतका सोपा होता. घरी येऊन मुलगा म्हणाला, "मसला समझ में आया, दिल नहीं माना." मी जोर केला नाही. शरियत सवलत देते म्हणून माणसाने ती घेतलीच पाहिजे असं नाही. पहिली चूल कोरी असावी असं प्रत्येकाला वाटतं.

उरला ड्रम. 55 गॅलनचा, म्हणजे साधारण 208 लिटरचा उभा पिंप. तळाशी कोळशाची टोपली, वर दोन जाळ्या, खाली हवेची तीन भोकं, झाकणाला धुराडं. चरबी थेट निखाऱ्यावर टपकते आणि तिचाही धूर होतो. तंदूरचाच चुलतभाऊ. तयार घेतला तर तीनशेच्या आसपास, स्वतः केला तर कमी. कुर्डुवाडीत रेल्वेचं वर्कशॉप आहे; आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांत कोणीतरी फिटर नाहीतर वेल्डर असायचा. पत्र्याला भोक पाडायला आमच्या घरात कोणी कधी घाबरलेलं नाही. मी म्हटलं, "हाच करू या."

हिशेब असा झाला. नवा कोरा ड्रम 85 डॉलर. दोन जाळ्या 45. पाईपचे तुकडे, हवा कमी-जास्त करायच्या तोट्या, नट-बोल्ट 30. टोपलीसाठी जाळीचा पत्रा 25. दोन सळ्यांचा थर्मामीटर 40. एकूण 225. उरलेल्या 25मध्ये कोळसा.

यात दोन ठिकाणी आम्ही कंजुषी केली नाही. एक ड्रम. जुना ड्रम वीस डॉलरला मिळत होता, पण त्यात पूर्वी काय होतं हे कोण सांगणार? रसायनाचा असेल तर जीवाशी खेळ. नव्यातही आतून रंगाचा लेप नसलेलाच घ्यावा लागतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी अजिबात नको. तापली की जस्ताची वाफ निघते. दुसरा थर्मामीटर. एक सळई जाळीजवळ, एक मांसात. झाकणावर बसवलेलं घड्याळ दिसायला छान, पण ते झाकणाजवळची हवा सांगतं, मांसाची नाही.

ड्रम तयार झाल्यावर तो रिकामाच दोन-तीन तास तापवला, तेल-वंगण जळून जावं म्हणून. तेव्हा मला अब्बांची फार आठवण आली. अब्बा बार्शी लाईटच्या छोट्या गाडीवर फायरमन होते. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर अशी ती नॅरोगेज. इंजिनाच्या पोटात फावड्याने कोळसा टाकायचं त्यांचं काम. ते म्हणायचे, "धुआँ काला, तो फायरमन अनाड़ी." काळा धूर म्हणजे न जळता वर गेलेला कोळसा. एकदम ढीग टाकला की आग गुदमरते. थोडा टाकावा, पुन्हा पुन्हा टाकावा आणि नजर धुराड्याच्या तोंडाकडे ठेवावी. आमच्या ड्रममधून पहिल्यांदा दाट पांढरा धूर निघाला तेव्हा मुलगा खूश झाला. मी त्याला थांबवलं. असा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. तो मांसावर बसला की कडवट चव येते. खालची हवा थोडी उघडली, लाकडाचा एक तुकडा काढला. दहा मिनिटांनी धूर विरळ झाला, निळसर, दिसेल न दिसेल असा. "आता ठेव," मी म्हटलं. अमेरिकेत जन्म काढलेले लोक याच निळ्या धुराच्या मागे असतात असं मुलगा म्हणाला. अब्बा इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेले होते.

लाकडाचंही एक सांगण्यासारखं आहे. तिकडे पोस्ट ओक नावाच्या ओकचं लाकूड वापरतात, पेकनचंही. आणि एक मेस्किट. त्याचं झाड मी बघितलं आणि ओळखलं: अरे, ही तर आपल्या वेड्या बाभळीची बहीण! सोलापूर जिल्ह्यात ओढ्याकाठी, रुळांच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ मुळात अमेरिका खंडातूनच आलेली आहे. मेस्किट झणझणीत जळतं आणि त्याचा धूर उग्र. झटपट भाजायला उत्तम, बारा तासांच्या कामाला जड. आम्ही ओकचे चार तुकडे कोळशात पुरले.

सीना हलाल दुकानातून आणला. साडेपाच किलो, गाईचा. तो पिशवीत घालून बाहेर पडताना मी नकळत पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं. मुलाने विचारलं, "क्या हुआ?" मी काही बोलले नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी पूर्वीपासून होती. 2015 सालापासून बैल आणि वळूही कायद्यात आले. म्हशीचं चालतं. पण पिशवीतलं मांस कुणाचं आहे हे रस्त्यावर कोण कोणाला पटवून देणार? आमच्याकडे आता म्हशीचं मटण आणतानाही पावती जपून ठेवतात. कायदा मी पाळते आणि पाळेन. परंतु कायद्यापलीकडची ती धास्ती हाताच्या बोटांत कशी जाऊन बसते, हे मला दहा हजार मैलांवर त्या दिवशी कळलं. टेक्सास म्हणजे जन्नत आहे असं माझं म्हणणं नाही. सूनबाईला तिच्या हिजाबावरून काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. पण अंगणातून उघडपणे मांसाचा धूर वर जातोय आणि कोणी दार वाजवत नाही, हे मी सहन करायला शिकत होते म्हटलं तरी चालेल.

मीठ आणि जाडसर मिरपूड, एवढाच मसाला. मी आलं-लसूण पुढे केलं तर मुलाने हात जोडले. इशाच्या नमाजनंतर मांस चढवलं. पहाटे चारच्या सुमाराला ते 68 अंशांवर येऊन थबकलं. एक तास, दोन तास, काटा हलेना. मुलगा घाबरला. मांसातलं पाणी घामासारखं बाहेर येऊन उडतं आणि उडताना ते मांसाला गार ठेवतं, म्हणून ही अडणूक होते. काही जण तेव्हा आग वाढवतात. त्याने कागदात गुंडाळलं आणि वाट बघितली. पाये शिजवणाऱ्या बाईला वाट बघणं शिकवावं लागत नाही. आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून फजरपर्यंत बोलत बसलो. दहा वर्षांत इतकं बोललो नव्हतो.

ईदच्या नमाजनंतर मांस 95 अंशांवर आलं. सळई खुपसली तर लोण्यात जावी तशी गेली. तासभर झाकून ठेवलं आणि मग कापलं. कडेला गुलाबी कड दिसली. सूनबाईच्या मैत्रिणीला वाटलं रक्त राहिलं. ते रक्त नव्हे. धुरातल्या वायूंमुळे मांसाचा स्वतःचा रंग तसाच टिकतो. वाहतं रक्त जबिहाच्या वेळीच निघून गेलेलं असतं. कचेरीतले लोक आले, हाताने तोडून खाल्लं. मुलगा त्यांच्या मधे बसला होता, बाजूला नव्हे.

इथे गोष्ट संपली असती. पण 8 जुलैला, सोमवारी पहाटे, बेरिल नावाचं चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमचीही गेली आणि शनिवारी आली. वर उन्हाचा तडाखा. फ्रीझरमध्ये कुर्बानीचं मटण होतं; नातेवाइकांचा आणि गरिबांचा हिस्सा वाटून झालेला, हा आमचा आणि काही अजून न पोहोचलेल्यांचा. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर दोन दिवस तग धरतो. मंगळवारी दुपारी आम्ही ड्रम पेटवला. अंगणातच, घरापासून दूर. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, म्हणून ड्रम गॅरेजमध्ये नेण्याचा विषयच नव्हता. गल्लीतले विजेचे आणि पेलेटचे स्मोकर सगळे मुके झाले होते.

धूर बघून शेजारी आले. डावीकडचं मेक्सिकन कुटुंब, समोरचे व्हिएतनामी नवरा-बायको, कोपऱ्यावरची एकटी राहणारी म्हातारी. प्रत्येकाच्या हातात वितळत चाललेलं काहीतरी. म्हातारीच्या हातात डुकराचे सॉसेज. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. नाही म्हणवेना आणि हो म्हणता येईना. तिची चूक नव्हती, त्याचीही नव्हती.

मी फुलांच्या वाफ्याच्या कडेच्या विटा काढल्या. कुंपणाजवळ तीन विटांची चूल मांडली आणि ड्रममधले फावडंभर निखारे तिच्यात ओतले. म्हातारीने आपला तवा आणला. मग मेक्सिकन बाईने शेजारी दुसरी चूल मांडली. तिची आजीही अशीच मांडायची म्हणे. आमच्या ड्रमवर आमचं मटण शिजलं, त्यांच्या चुलींवर त्यांचं. निखारे एका आगीतले. आमच्या मटणातलं त्यांना दिलं, त्यांच्याकडून आम्ही मका आणि कलिंगड घेतलं. बुधवारी आणि गुरुवारीही तसंच. मोहरम लागला होता. आमच्या गल्लीत या दिवसांत सगळ्यांना सरबत वाटतात, त्याची मला आठवण झाली.

लहानपणी अम्मी मला शेजारच्या मराठा काकूंकडे विस्तव आणायला पाठवायची. गोवरीच्या तुकड्यावर निखारा ठेवून मी पळत यायचे. काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही कधी गेलो नाही, त्याही आमच्याकडे जेवल्या नाहीत. पण ज्यांचं पटत नाही त्यांच्यातून विस्तव जात नाही असं मराठीत म्हणतात, आणि आमच्यातून तो रोज जात होता. चूल वेगळी असणं आणि मन वेगळं असणं या दोन गोष्टी आहेत. एका ताटात जेवलं तरच एकोपा, असा हट्ट हल्ली दोन्ही बाजूंचे भले लोक धरतात. मला तो गरजेचा वाटत नाही.

इकडे आल्यावर पुतण्याने तसाच ड्रम करायला घेतला आहे. त्याला मी सांगितलेलं इथेही सांगते. भंगारातला ड्रम घेऊ नका. पहिल्यांदा सीना नको, कोंबडी चढवा. दोन-तीन तासांत हात बसतो. लाकूड आंब्याचं, पेरूचं किंवा साध्या बाभळीचं, वाळलेलं. रंग दिलेलं, प्लायवूड किंवा डिंकाळ लाकूड नको. मांस आधी फ्रीजबाहेर तासन्‌तास ठेवू नका. उरलेला पैसा थर्मामीटरवर घाला, चाकांवर आणि रंगावर नको. धुराड्याच्या तोंडाकडे बघत राहा. आणि भिंतीपलीकडे जो कोणी राहतो, त्याच्यासाठी एक फावडं निखारे जास्तीचे धरा.